बाहेर उघडणारी दारं

जुन्या थिएटरसमोर उभं राहिलं की माणसं वर बघतात. उंच अक्षरांतलं नाव, गोलाई घेतलेले सज्जे, कुठेतरी सिमेंटात कोरलेलं साल. मी बाजूच्या बोळात शिरतो. थिएटरची कुंडली मांडलेली असते ती तिथे. ओळीने जाड लाकडी दारं, वर लाल दिव्याची काच, आणि सगळी दारं बाहेरच्या अंगाला उघडणारी. घराचं दार आत उघडतं, येणाऱ्याला आत घ्यायचं असतं म्हणून. थिएटरवाल्याने घेणं-बिणं बुकिंगच्या खिडकीवरच उरकलेलं असतं. बोळातली दारं लावताना त्याच्या डोक्यात एकच गोष्ट असते, ती म्हणजे आग.

ही धास्ती उगाच आलेली नाही. ३० डिसेंबर १९०३ला शिकागोत इरोक्वॉय नावाचं थिएटर भर खेळात पेटलं आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. थिएटर अगदी नवं होतं आणि त्याची जाहिरातही ‘इथे आग लागूच शकत नाही’ अशी केलेली. पण काही दारांना कुलपं होती, काहींच्या कड्या लोकांना उघडता येईनात, काही दारं आतल्या बाजूला उघडत होती. मागून रेटा आला की असं दार कुणाच्या बापाला उघडत नाही. जगभरच्या थिएटरांची दारं बाहेर वळवण्यात या एका दुपारचा मोठा वाटा आहे.

सिनेमा आला तेव्हा तर आग रिळातच भरून आली. जुनी फिल्म नायट्रेटची. एकदा पेटली की जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन तिच्यातूनच निघतो, त्यामुळे पाण्यात बुडवली तरी विझत नाही. आणि असली फिल्म फिरवायची कुठे, तर प्रोजेक्टरमधल्या कार्बनच्या कांड्यांच्या धगधगत्या ज्योतीसमोर. म्हणून ऑपरेटरची केबिन पाहावी. थिएटरातल्या सर्वांत जाड भिंती तिच्या. प्रेक्षागृहाकडे फक्त छोटे चौकोनी झरोके, त्यांवर वर अडकवलेली लोखंडी झाकणं. आत भडका उडाला की खटाखट खाली पडायची. लोक सुखरूप राहायचे. ऑपरेटरचं काय, हा प्रश्न झाकणाच्या पलीकडचा. १९५०च्या आसपास न भडकणारी फिल्म आली, पण केबिनच्या भिंती कुणी पातळ केल्या नाहीत.

आपल्याकडे १९१८चा सिनेमॅटोग्राफ कायदा झाला. थिएटर सुरक्षित आहे का आणि चित्रपट दाखवण्याजोगा आहे का, या दोन्ही गोष्टी त्यात एकत्र आल्या. भडकणारी फिल्म आणि भडकवणारी फिल्म, सरकारने दोन्ही एकाच कायद्यात बसवल्या. साहेबाच्या विनोदबुद्धीवर माझा फारसा विश्वास नाही, पण हे त्याला नकळत छान जमलंय.

आगीनंतरची मोठी भीती म्हणजे माणसं एकमेकांत मिसळण्याची. ७ जुलै १८९६ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा पहिला खेळ झाला आणि आठवडाभरात हे खेळ नॉव्हेल्टी या नाटकाच्या थिएटरात गेले. तिथे तिकीट चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत आणि पडदानशीन बायकांसाठी वेगळे बॉक्स. म्हणजे पडद्यावरचं चित्र अजून धड स्थिरावलं नव्हतं, तोवर खालची बसायची उतरंड पक्की झालेली. पुढच्या थिएटरांनी ती विटांत बांधून काढली. बाल्कनीवाल्यांना समोरून प्रवेश, रुंद जिना, पितळी कठडा. पिटातल्यांना बोळातलं दार. पडद्याला नाक लावून बसणाऱ्या या मंडळींच्या शिट्ट्यांवर सिनेमा चालायचा, पण त्यांना पितळी कठड्याला हात लावायची सोय नव्हती. एकाच छपराखाली तीन तास बसून दोघांची गाठ पडू नये, हे मोठं कसब आहे. आर्किटेक्टला दाद द्यावी की शिव्या, माझं अजून ठरत नाही.

एक दार मात्र बहुतेकांनी पाहिलेलंच नसतं. ते इमारतीच्या पाठीला असतं, इतर दारांच्या दीडदोन पट उंच आणि बहुधा गंजलेलं. नाटक कंपन्यांचे पडदे आणि सीनसीनरी आत न्यायचं हे दार. १४ मार्च १९३१ला गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, पडदा बोलू लागला आणि नाटकांच्या कितीतरी थिएटरांनी टॉकीजची पाटी चढवली. चढवली म्हणजे काय, रंगमंचाच्या पुढे पांढरा पडदा ताणला आणि कर्णे त्याच्यामागे ठेवले. जुन्या टॉकीजमध्ये पडद्यामागे जायला मिळालं तर जरूर जावं. पायाखाली पोकळ वाजणाऱ्या फळ्या लागतात, वर पडदे ओढायच्या कप्प्या दिसतात, बाजूला विंगांची जागा असते. नाटकाला निघून जायला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला फक्त झाकून ठेवलं.

कधीकधी ते परतही येतं. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस १९१२ला सुरू झालं ते रंगभूमीसाठी, पुढे कित्येक वर्षं सिनेमा दाखवत राहिलं, १९९३ला बंद पडलं आणि डागडुजी होऊन २०१६च्या ऑक्टोबरात पुन्हा उघडलं, मूळ कामासाठी. सगळ्यांच्या नशिबात हे नसतं. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांनी १९१५ला उभं केलं, पॅलेस थिएटर या नावाने. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी, ज्यांचं नाव त्याला दिलं त्या गायकनट केशवरावांची जयंती होती. शंभर वर्षं धास्ती बाळगायची आणि शेवटी ती खरी ठरायची, यावर काय बोलावं.

दारं बाहेर उघडणारी असली म्हणजे काम झालं असंही नाही. १३ जून १९९७ला दिल्लीच्या उपहार थिएटरात आगीच्या धुराने ५९ जणांचा जीव घेतला. तिथे बाल्कनीत जादा खुर्च्या टाकून बाहेर पडायची वाट अडवलेली होती. चार खुर्च्यांची कमाई आणि एक दार यांत मालक काय निवडतो, हे कायद्याला ठाऊक असायला हवं होतं.

बोळातल्या दारांचा एक उपयोग मात्र कुठल्याच कायद्यात लिहिलेला नव्हता. खेळ सुटला की डोअरकीपर ती धाडधाड उघडायचे आणि आतली गर्दी थेट पुढच्या खेळाच्या रांगेसमोर यायची. डोळे चोळत येणारे, गाणं गुणगुणत येणारे, काही न बोलता विडी पेटवणारे. रांगेतल्यांना एवढं पुरे. वर्तमानपत्रातलं परीक्षण शुक्रवारनंतर कधीतरी यायचं, हे त्याच दुपारी मिळायचं. ब्लॅकवालेही भाव ठरवायला बोळाच्या तोंडाशीच उभे असायचे आणि त्यांचा अंदाज समीक्षकांपेक्षा कमी चुकायचा. मल्टिप्लेक्समध्ये सिनेमा संपला की आपल्याला मागच्या जिन्याने कुठल्यातरी पार्किंगमध्ये सोडतात. आत जाणाऱ्याची आणि बाहेर येणाऱ्याची गाठ पडत नाही. बाल्कनी आणि पिट वेगळे करणाऱ्या आर्किटेक्टचा हा नातू असावा.

आता आमच्या भागातलं थिएटर बंद आहे. पाडायचं तर नव्या इमारतीत थोडं लहान का होईना, थिएटर ठेवण्याची अट येते. चालवायचं तर प्रेक्षक नाहीत. म्हणून मालकाने मधला मार्ग काढलाय, काहीच न करण्याचा. बोळात स्कूटर लागतात, दारांना टेकवून. एखादं दार आता उघडायचं म्हटलं तर आधी तीन स्कूटरवाल्यांना हाका माराव्या लागतील.