म्हस दूध चोरती!

मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला माहितीपट करावा लागतो. आमच्या गटानं दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या कुटुंबाचा विषय घेतला. गाव पन्हाळा तालुक्यातलं, कारण गटातल्या एकीची मावशी तिथं राहते.

मावशींनी पहिल्यांदाच बजावलं, "कॅमेरा आणा खुशाल, पण धारंच्या वक्ताला न्हाई. परकं माणूस दिसलं की म्हस दूध चोरती."

आमच्या माहितीपटात तर धारच हवी होती! पण अडचण फक्त दोन लिटर कमी मिळण्याची नव्हती. वासरू लुचलं, कासेला हात फिरला की ऑक्सिटोसिन सुटतं आणि पान्हा येतो. जनावर बिचकलं की तो अडतो, दूध कासेतच राहतं. यालाच दूध चोरणं म्हणतात. म्हशीला पान्हा यायला गाईपेक्षा जास्त वेळ लागतो. त्यातून सगळ्यात जास्त फॅट असते शेवटच्या धारांना. म्हणजे म्हशीनं दूध चोरलं, तर माप घटतं आणि फॅटही. गावातल्या दूध संस्थेत म्हशीच्या दुधाला 6.0 टक्के फॅट आणि 9.0 टक्के एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) हे प्रमाण धरतात, त्यावर दर वर-खाली होतो. आमच्या एका शॉटची किंमत मावशींच्या पावतीवर उमटणार होती.

म्हणून आधी कॅमेऱ्याशिवाय जायला लागलो. पहाटे पाचच्या आत गोठ्यात, शेणघाण काढायची, आंबोण पुढं ठेवायचं. काही न करता उभं राहणाऱ्या माणसाकडं म्हैस जास्त बघते, हे तिथं कळलं. मग रिकामा ट्रायपॉड खांबाशेजारी ठेवून दिला, तो तिनं हुंगला, चाटला आणि सोडून दिला. त्यानंतर कॅमेरा. आमचा लाईट पेटवायचा नाही, गोठ्यातल्या एलईडी बल्बवरच भागवायचं ठरलं. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळं शटर 1/50 ठेवलं नाही तर चित्रात पट्टे लवलवतात. कमी उजेडामुळं चित्रात ग्रेन, म्हणजे दाणे दिसले, ते चालवून घेतले. बूम, म्हणजे लांब दांडीचा माइक, मात्र डोक्यावर धरायची सोय नव्हती. रेकॉर्डर गव्हाणीमागं ठेवला. त्यात जे आलं ते आख्ख्या माहितीपटातलं मला सगळ्यात आवडतं: रिकाम्या बादलीवर पडणारी टणटण, मग दूध चढेल तसा जाड होत जाणारा आवाज, आणि मधेच मावशींचं म्हशीला "हां बाई, हां" करणं.

मुलाखत घेताना वेगळाच घोळ. प्रश्न मावशींना, उत्तर काकांचं. पेंडीच्या पोत्याचा भाव, कडबा किती लागतो, सगळं तेच सांगायचे. एखादा आकडा चुकला की मावशी चुलीपाशी बसून दुरुस्त करायच्या. संस्थेतलं खातं काकांच्या नावावर, दहा दिवसांचं बिल त्यावरच जमा. धार काढणं, वैरण, दूध घालायला जाणं मावशींकडं. आम्ही यावर निवेदन लिहिलं नाही. बिलाच्या कागदावरचं नाव आणि किटली घेऊन चाललेल्या मावशी, एवढे दोन शॉट लागोपाठ लावले. सरांना निवेदन हवं होतं, पार्श्वसंगीतही. संगीतावर मी अडून बसले. बादलीच्या आवाजावर बासरी टाकायची म्हणजे कमालच.

दिवाळीआधी संस्था दूधफरक, म्हणजे वर्षभर घातलेल्या दुधावरची दरफरकाची रक्कम, वाटते. बायका त्या पैशाचे बेत महिनोन् महिने आधी करतात, मावशींचा बेत गोठ्याच्या पत्र्याचा होता. ते वाटप चित्रित करायला हवंच होतं, पण सबमिशन एप्रिलमध्ये. तेव्हा माहितीपट गळक्या पत्र्यासकट जमा केला.