केझॉन सिटीतला पहाटेचा पाव

फिलिपिन्सची राजधानी मनिला, तिथल्या आमच्या हॉटेलात नाश्त्याला टोस्टरशेजारी प्लास्टिकच्या पिशवीतला चौकोनी स्लाइस ब्रेड मांडलेला असायचा. त्याच हॉटेलच्या मागच्या गल्लीत लोक गरम पावासाठी उभे असायचे. पाहुण्याला घरातली सगळ्यात चांगली वस्तू द्यायची सोडून जगात कुठेही मिळणारा ब्रेड का वाढतात, याचा मला तेव्हा राग आला होता आणि आजही येतो. इन्त्रामुरोसचा कोट, सान अगुस्तिनचं चर्च, रिझाल पार्क हे सगळं पाहिलं, आवडलं, पण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते पानादेर्याबद्दल, म्हणजे तिथल्या गल्लीबोळातल्या बेकरीबद्दल.

पुढचे दिवस आम्ही मनिलाला लागूनच असलेल्या केझॉन सिटीत एका मैत्रिणीकडे राहिलो. तिच्या घरापासून चार घरं सोडून एक पानादेर्या होती. दर्शनी काचेचं कपाट, त्यावर लोखंडी जाळी आणि जाळीत हात जाईल एवढी खिडकी. पाच वाजायच्या आतच तिथे "पाबिली पो!" (घ्यायचंय हो!) अशा हाका सुरू व्हायच्या. कॉल सेंटरची रात्रपाळी संपवून आलेल्या मुली, ट्रायसिकलवाले (ट्रायसिकल म्हणजे बाजूगाडी जोडलेली मोटरसायकल), घरून पैसे देऊन पिटाळलेली लहान मुलं. प्रत्येकाला हवा असायचा तो पानदेसाल. खाकी कागदाची पिशवी हातात आली की आधी तिची ऊब लागते. पानदेसाल म्हणजे मिठाचा पाव; नावात मीठ असलं तरी तो किंचित गोडसर, आतून अगदी मऊ आणि वरून बारीक चुऱ्याचा खरखरीत थर.

त्या चुऱ्यानेच मला तिथे धरून ठेवलं. मी जाळीपाशी रोज रेंगाळते हे बघून भट्टीवरच्या कुयाने (कुया म्हणजे दादा, दुकानदारालाही तिथे तशीच हाक मारतात) एका पहाटे बाजूच्या दाराने आत बोलावलं. ओळख ना देख, आणि कामाच्या ऐन घाईची वेळ! लाकडी फळीवर कणकेच्या लांबलचक वळकट्या पडल्या होत्या. त्या चुऱ्यात घोळवायच्या, पत्र्याच्या पातीने सपासप तुकडे पाडायचे आणि ट्रेमध्ये फुगायला ठेवायचे. बोलता बोलता त्याचे हात एकदाही थांबले नाहीत. चुरा कशाचा, असं विचारलं तर म्हणाला, "कालच्या पावाचा. उरलेला भाजायचा, दळायचा."

मग त्याने कपाटातला एकेक पाव दाखवायला सुरुवात केली. स्पॅनिश ब्रेड नावाची गुंडाळी होती, तिच्या पोटात तोच चुरा, साखर आणि मार्जरीन. कालिहिम नावाचा काप होता. दोन पातळ थरांमध्ये भडक लाल सारण, आणि तेही शिळा पाव दूध-साखरेत भिजवून, रंग घालून शिजवलेलं. या कापाला गल्लीगणिक वेगळं नाव आहे. त्यातूनही पाव उरला तर त्याचे काप करून, लोणी-साखर लावून पुन्हा भाजायचे. एवढं सगळं तो अगदी सहज सांगत होता. मी मात्र हरखून गेले. पोळीचा तुकडा ताटात टाकला तर बोलणी खात वाढलेल्या माणसाला ही भट्टी परकी वाटेलच कशी?

या काटकसरीला कारणही आहे. फिलिपिन्स हा भाताचा देश. तिथे गहू जवळजवळ पिकतच नाही, सगळा जहाजाने येतो आणि त्यातला मोठा वाटा अमेरिकेचा असतो. पाव आणला स्पॅनिशांनी, आणि 1898 नंतर अमेरिकी अमलात पीठ मुबलक यायला लागलं तसा तो घराघरात शिरला. आता जगात कुठेही गहू महागला की त्याची झळ या जाळीच्या खिडकीपर्यंत पोचते. किंमत वाढवली तर गिऱ्हाईक तुटतं, म्हणून पानदेसाल लहान होत जातो. लहानपणी तो केवढा मोठा मिळायचा, हे मैत्रिणीच्या आईने मला मूठ करून दाखवलं.

दारावरून भोंगा वाजवत पाववाला सायकलवरून गेला तेव्हा गोव्याच्या पोदेराची आठवण येणं अटळ होतं. तिकडे पोर्तुगीज, इकडे स्पॅनिश. दोन्हीकडे भात खाणाऱ्या लोकांनी पाहुण्यांचा पाव पूर्ण आपला करून टाकला.

लाकडावर चालणाऱ्या विटांच्या भट्टीला तिथे पुगोन म्हणतात. पूर्वी तिच्यात खारफुटीचं लाकूड जाळायचे. आता बहुतेक ठिकाणी गॅस किंवा वीज आली आहे. केझॉन सिटीतली 1939 सालची कामुनिंग बेकरी आणि पासिगमधली 1919 सालची दिमास-आलांग ही पुगोनसाठी आवर्जून घेतली जाणारी नावं. 2025 मध्ये मुंबईच्या बेकऱ्यांनाही लाकूड-कोळसा सोडायचा आदेश उच्च न्यायालयाने दिला. हवेसाठी ते योग्यच आहे, हे पटतं. तरी लाकडावरच्या पावाच्या तळाला जो खरपूसपणा असतो तो जाणार, याचं मला वाईट वाटतं.

चवीबद्दल माझी मतं ठाम आहेत. पानदेसाल सोबत म्हशीच्या दुधाचं पांढरं चीज, केसोंग पुती, आणि बातांगासची कडक बराको कॉफी मिळाली तर दुसरं काही मागू नये. पान दे कोकोच्या आतलं गोड खोबरं थेट मोदकाच्या सारणासारखं लागतं. एनसायमादा या गोड पावाचं नाव मोठं, पण लोणी, साखर आणि वर किसलेलं चीज असा तो थाट मला अर्ध्यातच जड झाला. मोनाय हा पाव मात्र फार आवडला. घट्ट, साधा, पोटभरीचा.

त्यानंतर सेबू आणि इलोइलो झालं. समुद्र निळा होता, गर्दी नकोशी होती आणि इलोइलोत बिस्कोचो हवा तेवढा खाल्ला. तोही दोनदा भाजलेला पावच.

शाकाहारी असाल तर चरबीबद्दल विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी मार्जरीन किंवा वनस्पती तूप असतं, काही ठिकाणी अजून डुकराची चरबी वापरतात. विचारलं म्हणून कुणी माझ्यावर चिडलं नाही. आणि पहाटे उठवत नसेल तर दुपारी तीनच्या सुमाराला जा. मेरिएंदासाठी, म्हणजे दुपारच्या खाण्यासाठी, तेव्हा भट्टीतून दुसरी खेप निघते. त्या वेळी स्पॅनिश ब्रेड गरम मिळतो.