पोहरा
लोकल कुर्ल्याला थांबली आणि उत्तर आलं. महिनाभर खपून लिहिलेलं कथानक आमच्या टेक्स्ट गेमच्या चालकांना पाठवलं होतं. एकच ओळ: ‘विष कोणी कालवलं हे तुम्हीच ठरवलंत, मग बाकीच्यांनी काय शोधायचं?’

दादरपर्यंत नुसता जीव जळत होता. मग परत वाचलं. गुन्हेगार, पुरावा, पंचांचा निवाडा, सगळं मीच लिहून मोकळी!

१९७८ साली एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने पहिला मड, म्हणजे अनेकांनी एकत्र टाइप करत खेळायचा टेक्स्ट गेम, लिहायला घेतला, तेव्हापासून या खेळांत असतात ते फक्त शब्द. आणि समोरचा काय टाइप करेल ते आपल्या हातात नसतं. मला त्याचीच तर ओढ आहे.

रात्री शेवटची तीन पानं काढून टाकली. उरली विहीर, काठावरचा तुटका पोहरा, पाण्याचा उग्र वास.

उद्या पुन्हा पाठवतेय. पोहरा कोण उचलेल?