आबांचं हृदय आणि मळ्यातलं झटका मशीन

आबांना पहिल्यांदा धडधडलं ते दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात. आमच्याकडे अमळनेर तालुक्यात मे म्हणजे ४४-४५ चा पारा, त्यात ते दुपारी बांधावर गेलेले, त्यामुळे घरी येऊन बाजेवर आडवे झाले तेव्हा कोणाला काही वेगळं वाटलंच नाही. "ऊन लागी गयं व्हई," माय म्हणाली, कैरीचं पन्हं दिलं, अर्ध्या तासात बरे झाले, विषय संपला. मग पोळ्याला परत, मग दिवाळीत. एका डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटी सांगितली, ईसीजी काढला तर एकदम नॉर्मल, कारण तेव्हा धडधड थांबलेली होती ना! आम्ही पण खूश, आबांनी शेवभाजी सोडली आणि वर्षभर अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या खाल्ल्या. ते वर्ष फुकट गेलं याचं मला आजही फार वाईट वाटतं.

शेवटी पकडलं कोणी, तर घरातल्या बीपीच्या मशीनने. आकड्यांच्या बाजूला हृदयाचं छोटं चित्र लुकलुकत होतं, मी माहितीपत्रक काढून वाचलं तर लिहिलेलं, ठोके अनियमित आहेत. मनगट धरून बसलो. नाडी जलद तर होतीच पण तिला ताल म्हणून नव्हता, दोन ठोके जवळ, एक लांब, एक जाणवतच नाही. जळगावला चोवीस तासांचं होल्टर, म्हणजे दिवसभर ईसीजी नोंदवत राहणारं छोटं मशीन, लावलं आणि नाव कळलं, एट्रियल फिब्रिलेशन. म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावायच्या ऐवजी नुसते थरथरतात, रक्त तिथे साचतं, गुठळी होते, ती मेंदूत गेली की लकवा. लकव्याचा धोका साधारण पाचपट होतो हे ऐकल्यावर मला त्या अ‍ॅसिडिटीच्या वर्षाची जास्तच भीती वाटली.

गोळ्यांनी ताल टिकेना म्हणून मुंबईला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी बरंच समजावलं, वेळ देऊन. फुफ्फुसाकडून रक्त आणणाऱ्या चार नसा डाव्या वरच्या कप्प्याला मिळतात, तिथूनच बहुतेक वेळा हे भलते ठोके सुरू होतात. हे फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल ऐसागेर यांच्या टीमने १९९८ मध्ये दाखवलं, त्यांना रुग्णांमध्ये ६९ जागा सापडल्या त्यातल्या ६५ या नसांमध्येच होत्या. मग उपाय असा, की नसांच्या तोंडाभोवतीची स्नायूची कड मारून टाकायची, म्हणजे आतला करंट हृदयात येत नाही. इतकी वर्षं ही कड एकतर रेडिओफ्रिक्वेन्सीने भाजायचे नाहीतर क्रायोने गोठवायचे. अडचण अशी की त्या कप्प्याच्या अगदी पाठीमागे अन्ननलिका चिकटून असते आणि बाजूला श्वासपटल हलवणारा मज्जातंतू जातो, आणि उष्णता काय आणि थंडी काय, ती पसरते, तिला हृदय कुठे संपलं ते कळत नाही. क्वचित काही आठवड्यांनी अन्ननलिकेला भोक पडतं आणि तसं झालं तर माणूस वाचणं कठीण.

नवीन पद्धत म्हणजे पल्स्ड फील्ड अब्लेशन, सगळे पीएफएच म्हणतात. यात भाजायचं नाही, गोठवायचं नाही, विजेचे झटके द्यायचे. साधारण २,००० व्होल्टपर्यंत!

इथे मायचा चेहरा पडला. "काळजाले करंट? काही गरज नही." तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, आमच्या भावकीत रात्रीच्या लाइटीत मोटार चालू करायला गेलेला पोरगा स्टार्टरला चिकटून गेलाय, तिने ते पाहिलंय. मी काही बोलायच्या आधी आबाच म्हणाले, "साहेब, म्हंजे आमच्या मळ्यातल्या झटका मशीनसारखं का?"

डॉक्टरांना झटका मशीन माहीत नव्हतं, आबांनी सांगितलं. मक्यात रानडुकरं येतात म्हणून तारेला सोलरचं मशीन लावतो, तारेत काही हजार व्होल्ट येतात पण क्षणभरच, टिक, मग साधारण सेकंदभर काही नाही, परत टिक. हात लागला तर माणूस मागे फेकल्यासारखा होतो पण भाजत नाही. तेच कोणी थेट लाइनीचा करंट तारेत सोडला तर माणूस मरतो, दरवर्षी कुठे ना कुठे होतंच ते. डॉक्टर म्हणाले बरोबर आहे काका, फक्त तुमचं मशीन डुकराला पळवतं, आमचं पेशीला मारतं. एका सेकंदाचे दहा लाख तुकडे केले तर त्यातल्या काही तुकड्यांएवढाच एक झटका, त्यामुळे ऊती तापायला वेळच मिळत नाही. तेवढ्यात पेशीच्या आवरणाला बारीक बारीक भोकं पडतात, झटका हलका असेल तर ती बुजतात, जोराचा असेल तर बुजत नाहीत आणि पेशी मरते. आणि खरी गंमत पुढे आहे. हृदयाच्या स्नायूची पेशी जेवढ्या झटक्याने मरते तेवढ्याने अन्ननलिका आणि तो मज्जातंतू सहसा टिकून राहतात, त्यांना मारायला जास्त जोर लागतो. मला हे फार सुंदर वाटलं, शेजारच्या घराला धक्का न लावता एक भिंत पाडण्यासारखं.

मी रात्रभर बसून मोबाईलवर वाचलं. २०२४ मध्ये पीएफए केलेल्या १७,००० च्या वर रुग्णांची नोंद छापून आलीय, अन्ननलिकेला भोक एकालाही नाही. पण २०२३ च्या ६०७ रुग्णांच्या तुलनेत वर्षभराचं यश पीएफएचं ७३.३ टक्के आणि जुन्या पद्धतींचं ७१.३, म्हणजे जवळपास सारखंच. गुण जास्त येतो म्हणून नाही, इजा कमी म्हणून आम्ही ती निवडली. जोखीम नाहीच असंही नाही, हृदयाभोवती रक्त साचू शकतं, जवळची धमनी आकसू शकते, फार झटके दिले तर रक्तपेशी फुटून किडनीवर ताण येतो म्हणून सलाईन देतात. खर्चही जड गेला, त्यावर वेगळं लिहीन कधीतरी.

आधी घशातून नळी टाकून आत गुठळी नाही ना ते बघितलं. मग भूल, जांघेतून कॅथेटर म्हणजे लांब बारीक नळी, तिचं टोक आत जाऊन पाकळ्यांसारखं उघडतं. पूर्ण भूल का तर झटक्यासरशी छातीचे स्नायू उडतात. दोन तासांच्या आत बाहेर आणलं, रात्री पाय सरळ ठेवून पडायचं एवढाच आबांना जाच झाला. दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज.

दहाव्या दिवशी परत धडधडलं तेव्हा मात्र माझे हातपाय गळाले. फोन केला तर म्हणाले पहिले दोन-तीन महिने मोजायचे नाहीत, जखम भरतेय. त्यानंतर एकदाही नाही, पुढच्या महिन्यात परत होल्टर आहे. रक्त पातळ करायची गोळी चालूच, आबा रोज कुरकुरतात की ठोके सरळ झाले मग ही कशाला, पण वय ६७ आणि बीपी, त्यामुळे ती सुटणार नाही हे त्यांना माझ्यापेक्षा मायनेच नीट सांगितलं.

आता पारावर ज्याला त्याला आबा झटका मशीनची गोष्ट सांगतात आणि नाडी बघतात. परवा शेजारच्या काकूंची बघितली, वेडीवाकडी लागली. त्यांना लहानपणी सांधेवाताचा ताप येऊन हृदयाची झडप अरुंद झालेली आहे, आबा लगेच म्हणाले मुंबईला चला. मी थांबवलं. अशा झडपेत हिशोबच वेगळा, आधी झडपेचं बघावं लागतं, आणि आबांची रक्त पातळ करायची नव्या प्रकारची गोळी त्यांना चालत नाही, जुनी अ‍ॅसिट्रॉमसारखीच लागते आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी, करत राहावी लागते. काकूंनी आयएनआर शेवटचा कधी केला तर आठवेना. सोमवारी त्यांची फाईल घेऊन जळगावला चाललोय.