जेजूतला इतामी जून: बघाच, पण पायी जाऊ नका

दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर इतामी जून या आर्किटेक्टने डिझाइन केलेली पोदो हॉटेल, बांगजू चर्च आणि पाणी-वारा-दगड ही तीन म्युझियम्स नकाशात एकमेकांना चिकटून दिसतात, म्हणून "चालत आरामात होतं" असं ज्यांनी कुणी लिहून ठेवलंय त्यांनी तो रस्ता पायी केलेला नाही हे नक्की. सानरोकनाम-रो म्हणजे डोंगराच्या अंगाने जाणारा रस्ता, गाड्या सुसाट, फुटपाथ मधेच संपतो, आणि आम्ही गेलो तेव्हा धुकं एवढं की गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. चढाचा त्रास नाही हो, रोज चालणाऱ्याला काहीच वाटणार नाही, पण जीव मुठीत धरून का चालायचं? शेवटी एक टॅक्सी थांबली तर ड्रायव्हर मीटरच्या वर आणखी परतीच्या भाड्याचे पैसे मागायला लागला, पावसात उभं असल्यामुळे दिले, अजून राग आहे.

आता ज्यासाठी गेलो ते. इतामी जून म्हणजे यू दोंग-र्योंग, १९३७ साली टोकियोत जन्मलेला कोरियन आर्किटेक्ट. १९५२ मध्ये जपानमधल्या कोरियन लोकांचं जपानी नागरिकत्व काढून घेतलं गेलं, पुढे बऱ्याच जणांनी अर्ज करून ते परत मिळवलं, याने २०११ मध्ये मरेपर्यंत कोरियन पासपोर्टच ठेवला. जपानमध्ये परका आणि कोरियात गेला तर तिथेही जपानहून आलेला. आणि त्याची सगळ्यात चांगली कामं या बेटावर आहेत, जिथून एकेकाळी हजारो लोक बोटीने ओसाकाला मजुरीला गेले आणि बरेचसे तिकडचेच झाले. हे डोक्यात ठेवून बघा, नाहीतर नुसते फोटो काढून याल.

म्युझियम म्हणतात पण आत लटकवलेलं काही नाही. पाण्याच्या म्युझियममध्ये छताला मोठं लंबगोल भोक आणि खाली पाणी, ढग सरकले की पायाशी सरकतात. वाऱ्याच्या खोलीत लाकडी पट्ट्यांच्या फटींतून वारा आवाज करत येतो, तिथे बसायला दगड आहे, त्यावर बसा, गाइड घाई करेल तरी बसा. दगडाचं म्युझियम म्हणजे गंजलेल्या लोखंडाची पेटी, ऊन नसेल तर अर्धी मजा जाते. मला पाण्याचं सगळ्यात भिडलं. जन्माने न मिळालेली जागा माणूस अशी जोडतो, त्यासाठी त्याने झेंडा वगैरे काही लावला नाही, इथलं आभाळ आणि इथला वारा तेवढा आत घेतला.

ही तिन्ही एका खाजगी वसाहतीच्या आत आहेत, आधी ऑनलाइन बुकिंग केलं नसेल तर गेटवरूनच परत पाठवतात, हुज्जत घालून उपयोग नाही. माहिती कोरियनमध्ये सांगतात, ट्रान्सलेटर अॅप ठेवा.

चर्च बाहेरून अप्रतिम, चारी बाजूंनी पाणी, पण आत सोडायच्या वेळा ठरलेल्या असतात. पोदो हॉटेल राहायचं नसेल तर बाहेरून पुरे. जोजी-री भागात २०२२ साली त्याच्या नावाचं म्युझियम झालंय, तिथे ड्रॉइंग्ज आणि मॉडेल्स आहेत, वेळ कमी असेल तर चर्च सोडा पण हे सोडू नका, आणि शक्यतो आधी हेच बघा.

गूगल मॅपवर विसंबू नका, नेव्हर (Naver) मॅप हे कोरियन अॅप टाका. गाडी चालवत असाल तर इंटरनॅशनल परमिट काढून भाड्याने गाडी घ्या, नसाल तर दिवसभराची टॅक्सी आधी भाव ठरवून करा, रस्त्यात हात दाखवून मिळेल या आशेवर अजिबात राहू नका.