चिमणीला वास येतोय? आधी खवट की कुबट ते ठरवा

मृगाचा पाऊस लागला की बेळगावात बऱ्याच घरांत हीच तक्रार. स्वयंपाकघरातली चिमणी बंद असतानाच वास मारते. चालू केली की जातो, बंद केली की तासाभरात परत हजर. मग कुणी आत लिंबाच्या साली ठेवतं, कुणी कापूर. त्यानं वास जात नाही, एकाचे दोन होतात. आणि तेलकट जाळीखाली कापूर पेटवणं तर अजिबात नको.

वास कसला आहे हे आधी नाकानंच ठरवा. खवट असेल तर आत तेल जुनं झालंय. कुबट असेल तर बाहेरची ओल आत शिरतेय. धुरकट-आंबूस असेल तर ती भिजलेली काजळी, म्हणजे चुलीच्या धुराड्याचं दुखणं.

खवटपणा सगळ्यात जास्त घरांत. फोडणीचं तेल वाफेबरोबर वर जातं, गार पत्र्यावर बसतं आणि डब्यात महिनाभर राहिलेल्या भडंगासारखं खवट होतं. जाळी रोज तळण असेल तर दर पंधरा दिवसांनी, नाहीतर महिन्यानं धुवा. स्टीलच्या पट्ट्यांचा फिल्टर असेल तर पाच लिटर कडक गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि थोडं भांड्यांचं लिक्विड घालून अर्धा तास बुडवा, मग जुन्या टूथब्रशनं खाचा घासा. ॲल्युमिनियमच्या जाळीला मात्र सोडा लावू नका, ती काळी पडते. कॉस्टिक तर तिला खातंच. तिला गरम पाणी आणि लिक्विड पुरे. धातू कळत नसेल तर चुंबक लावून बघा. चिकटला तर स्टील नक्की. नाही चिकटला तर ॲल्युमिनियमच धरून चाला, कारण काही स्टीललाही चुंबक लागत नाही. धुतलेली जाळी पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. तेलाची वाटी आठवड्याला पुसा, ते तेल मोरीत न ओतता रद्दी पेपरात टिपून कचऱ्यात टाका.

जाळी लख्ख करूनही वास राहिला, तर दोष पाइपात. ॲल्युमिनियमचा घड्यांचा पाइप प्रत्येक वळीत तेल धरतो. माळ्यावरून नेताना तो मध्ये लोंबला तर तिथं तेल आणि पाण्याचं डबकंच तयार होतं. ‘ऑटो क्लीन’चं बटण इथं काही कामाचं नाही. ते पंख्याभोवतीचं तेल तापवून वाटीत उतरवतं, पाइपापर्यंत पोचतच नाही. असला पाइप धुण्यात वेळ घालवू नका, बदला. नवा सहा इंची घ्या, ताणून बसवा, वळणं दोनच्या वर नकोत, आणि उतार किंचित बाहेरच्या बाजूला ठेवा. भिंतीला चार इंची भोक आहे म्हणून पाइप बारीक करणारे कारागीर भेटतात. त्यांना भोक मोठं करायला सांगा. सांध्यांना ॲल्युमिनियमची टेप लावा, साधी चिकटपट्टी तेलानं सुटते. पंख्याचा भाग वर्षातून एकदा मेकॅनिककडून उघडून घ्या, मोटरवर पाणी मारू नका.

कुबट वासाचं मूळ वाऱ्यात असतं. आपल्याकडं पावसाळी वारा पश्चिमेकडनं येतो, आणि पाइपाचं तोंड त्याच भिंतीला असलं तर तो सरळ आत घुसतो. त्याला अडवायला मशीनच्या वर दोन पाकळ्यांची झडप असते. तेलानं चिकटून ती उघडी राहिली की बाहेरची सगळी ओल घरात. तपासायला चिमणी बंद करा, बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन लावा, खिडक्या मिटा आणि जाळीखाली पेटती उदबत्ती धरा. धूर खाली लोटला गेला तर झडप लागत नाही. ती पुसून मोकळी करा. बाहेर खाली तोंड असलेलं झाकण बसवा, त्याला अर्ध्या इंचाची जाळी लावा. बारीक जाळी तेलानं बुजते. जाळी नसेल तर चिमणीत चिमणीपेक्षा साळुंकीच जास्त घर करते. आत पिल्लं असली तर तीनेक आठवडे थांबा, उडून गेली की घरटं काढा.

टिळकवाडीतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये सगळ्यांचे पाइप एकाच डक्टमध्ये सोडलेले असतात. तिथं शेजारच्या सुक्या बोंबलाचा वास तुमच्या जाळीतून आला तर जाळी धुऊन काय होणार? झडपच दुरुस्त हवी. बिनपाइपाच्या चिमणीत कोळशाचा फिल्टर असतो. तो धुता येत नाही, उन्हात टाकूनही सुधारत नाही. तीन ते सहा महिन्यांत बदलायचा. कुठलीही चिमणी असो, फोडणीआधी पाच मिनिटं लावा, गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं चालू ठेवा, आणि एक खिडकी उघडी राहू द्या, नाहीतर ती हवा ओढणार कुठनं?

गॅसचा वास आला तर मात्र चिमणीच्या बटणाला हात लावू नका. तो गॅस हवेपेक्षा जड, खाली फरशीवर साचतो, आणि बटणाची ठिणगी पुरते. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा.

खानापूरकडं चूल आणि न्हाणीचा हंडा अजून बऱ्याच घरांत पेटतो. तिथला आंबूस वास म्हणजे काजळीवर पडलेलं पाणी. तीन मिलिमीटर थर चढला की खरवडायची वेळ झाली, आणि ते काम मे महिन्यातच उरकायचं. चुलीच्या तोंडाला ओलं पोतं लावा, वरून दोरीला बांधलेला काथ्याचा गठ्ठा खाली-वर ओढा. धुराड्याचं तोंड कौलांच्या वर निदान तीन फूट हवं, त्यावर थोडी फट ठेवून पत्र्याची टोपी हवी. लाकूड फोडून सहा महिने तरी पडवीत रचलेलं असावं. दोन फाटे एकमेकांवर आपटले की वाळलेल्याचा टणटण आवाज येतो, ओल्याचा नुसता थप. ओलं लाकूड जाळलं तर मे महिन्यात घासलेलं धुराडं श्रावणात पुन्हा काळं होतं.