तीनशे बारचा डबा आणि सांगलीची हवा

आधीच सांगून टाकतो. पिस्टन, सिलिंडर, व्हॉल्व्ह, बर्स्ट डिस्क (दाब फार वाढला की आधी फुटणारी चकती), म्हणजे जिथं दाब तयार होतो आणि जिथं तो अडवला जातो, त्यातल्या कशालाही मी हात लावलेला नाही. मुलीच्या एअर रायफलमध्ये हवा भरायचा स्वस्तातला पोर्टेबल कॉम्प्रेसर ‘मॉडिफाय’ केला म्हणतो तेव्हा केलंय ते एवढंच : त्याचं अंग थंड ठेवलं, त्याला पुरेसा करंट दिला आणि हवेबरोबर येणारं पाणी रायफलपर्यंत पोचू दिलं नाही. ज्यांना ३०० बारचे (बार म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) ३५० करायचे आहेत, त्यांच्या उपयोगाचं इथं काही नाही.

मुलगी दहा मीटर एअर रायफल खेळते. रायफल पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी. तिचा हवेचा सिलिंडर २०० बारचा. स्पर्धेच्या ठिकाणी हवा भरायची सोय असते, अडचण रोजच्या सरावाची. कोल्हापूर पन्नास किलोमीटरवर. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ मिळवणारा स्वप्नील कुसाळे हे सगळे त्या जिल्ह्याचे, त्यामुळं तिकडं नेमबाजीचं वातावरण आहे. आमच्या सांगलीच्या विश्रामबागेत रायफलची बॅग घेऊन निघालं की अजून ‘गिटार का?’ असं विचारतात. घरी तीन टप्प्यांचा हातपंप होता. दीडशे बारच्या पुढं त्यावर सगळं अंग टाकावं लागतं. सरावाच्या आधीच पोरीचे दंड भरून आले तर नेम कसला लागणार, म्हणून पंप मी मारायचो. पुढं पाठीनं नकार दिला आणि बारा व्होल्टवर चालणारा, वर ‘३०० बार’ छापलेला डबा घरात आला.

डबा वाईट नाही. त्या किमतीत त्यांनी जे बसवलंय ते बघून मला कौतुकच वाटलं. पण तो बनवणाऱ्यानं दोन गोष्टी गृहीत धरल्यात : हवा कोरडी असेल आणि माणसाला घाई नसेल. जुलैत सांगलीत पहिली खोटी, आणि दुसरी कुठंच खरी नाही.

उष्णतेचं आधी. दोन टप्प्यांत २०० बार गाठायचे तर प्रत्येक टप्प्याला हवा साधारण चौदा पट दाबावी लागते. तीस अंशांची हवा झटक्यात चौदा पट दाबली आणि उष्णता कुठंच गेली नाही, तर कागदावर तापमान ३७० अंशांच्या आसपास येतं. प्रत्यक्षात धातू बरीचशी उष्णता ओढून घेतो म्हणून तेवढं होत नाही. पण पिस्टनवरची टेफ्लॉनची रिंग २६० अंशांपर्यंतच धड राहते, हे लक्षात घेतलं की ‘दहा मिनिटं चालवा, मग थांबवा’ ही माहितीपत्रकातली ओळ शोभेची नाही हे कळतं. आतला पंखा अगदी बारका होता आणि त्याच्यासमोर पत्र्याची जाळी अशी की निम्मी हवा तिथंच अडायची. कुपवाड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडून दोन्ही बाजूंचे पत्रे गोल कापून घेतले आणि कॉम्प्युटरचे १२० मिलिमीटरचे दोन पंखे बसवले, एक आत ढकलणारा, एक बाहेर ओढणारा. त्यांना मोटरपासून वेगळं बटण दिलं. मोटर बंद झाल्यावर हेडमधली, म्हणजे पिस्टनच्या वरच्या भागातली, उष्णता सगळीकडं पसरत राहते, आणि मूळचा पंखा नेमका तेव्हाच मोटरबरोबर झोपायचा.

तापमान मोजायची गन वापरणार असाल तर चकचकीत धातूवर नेम धरू नका. ती कमी आकडा दाखवते आणि आपण खुशीत राहतो. हेडवर तापमान सोसणारी काळी टेप चिकटवून त्यावर मोजायचं. माझ्याकडं पंख्यांनंतर तो आकडा नव्वदच्या घरातून सत्तरच्या आत आला.

विजेचं काम सोपं होतं. मोटर ३०० वॉटची, म्हणजे बारा व्होल्टला २५ अँपिअर. सोबत आलेली वायर दीड चौरस मिलिमीटरची. दोन मीटर जाऊन दोन मीटर परत, एवढ्यात सव्वा व्होल्टच्या आसपास तिच्यातच जिरतात. सहा चौरस मिलिमीटरची टाकली, ॲडॉप्टरऐवजी एलईडी बोर्डवाले वापरतात तो ३३ अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या विजेचे बारा व्होल्ट करून देणारा) घेतला, मध्ये फ्यूज. संपलं.

खरा वेळ खाल्ला पाण्यानं. हिशेब करून बघा. २०० सीसीच्या सिलिंडरमध्ये २०० बारला बाहेरची चाळीस लिटर हवा मावते. तीस अंशांना पूर्ण दमट हवेत घनमीटरमागं सुमारे तीस ग्रॅम बाष्प असतं. म्हणजे चाळीस लिटरमागं सव्वा ग्रॅम पाणी. आणि २०० बारला त्यातलं जवळजवळ काहीच बाष्परूपात टिकत नाही, सगळं पाणी होतं. एका भरणीला सव्वा ग्रॅम म्हणजे चमच्याचा तळ ओला होईल इतकं, पण शंभर भरण्यांनंतर ते रायफलच्या रेग्युलेटरमध्ये (दाब नेमका राखणाऱ्या भागात) आणि सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर काय करील याचा विचार करा. डब्यासोबत मिळालेला फिल्टर म्हणजे बोटभर नळीत कापसाची गुंडाळी. ती पहिल्या दोन-चार भरण्यांतच ओलीचिंब होते आणि मग नुसती वाटेत उभी राहते.

म्हणून रांग अशी लावली : डबा, त्यापुढं हवेतलं पाणी वेगळं काढणारा उभा वॉटर सेपरेटर, मग ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची नळी, मग दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह, आणि शेवटी एकेरी व्हॉल्व्हसह होज, म्हणजे दाबाची लवचिक नळी. यातला दाब धरणारा व्हॉल्व्ह लोक गाळतात, कारण तो नसला तरी काम चाललेलं दिसतं. पण त्याच तापमानाला २० बारची हवा जेवढं बाष्प धरून ठेवते, त्याच्या दहावा भागच तीच हवा २०० बारला धरू शकते. दाब कमी असताना हवा सेपरेटरमधून गेली तर पाणी तिथं पुरतं गळत नाही, उरलेलं बाष्प म्हणून पुढं सरकतं आणि सिलिका जेलवर जास्तीचा भार येतो. माझा व्हॉल्व्ह १३० बारला लावलाय. फिल्टरमध्ये तेवढा दाब झाल्याशिवाय पुढं काही जात नाही. सिलिका जेल हवा आत घेणाऱ्या तोंडालाच लावावी असंही सुचवलं गेलं. पावसाळ्यात ती बघता बघता संपते, आणि ओढ वाढून मोटर जास्त तापते. नको म्हटलं.

सेपरेटर आणि नळी मात्र ३०० बारचं रेटिंग असलेल्याच विकत घेतल्या. लेथवर जाड पाइप आतून कोरून द्यायला एकजण तयार होता. ओळखीचा, कामात तरबेज, द्राक्षबागांच्या ब्लोअरचे पंप डोळे मिटून उघडणारा. तासगावकडची निम्मी गिऱ्हाइकं त्याचीच.

“साहेब, आमी दाबातच काम करतो की रोज.”

“मामा, तुमच्या पंपात पाणी असतं. ते दाबलं जात नाही. फुटलं की फस्स झालं, दाब गेला. यात हवा आहे.”

“मग?”

“एका चौरस सेंटीमीटरवर दोनशे किलो. आणि फुटल्यावर सगळी एकदम बाहेर येणार.”

मामा थोडा वेळ पाइपकडं बघत राहिले. “मग त्यो इकतच घ्या,” म्हणाले.

पण त्याच मामांनी मला मोठ्या घोळातून वाचवलं. सेपरेटरचे आटे एम-१० होते, होजचे एक-अष्टमांश बीएसपी. एकाचा बाहेरचा व्यास १० मिलिमीटर, दुसऱ्याचा ९.७ च्या वर. पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, एकाचा १ मिलिमीटर, दुसऱ्याचा ०.९. डोळ्यांना सारखेच. एक-दोन फेरे बसतातही, मग घट्ट लागतं आणि वाटतं की झालं. मामांनी पाना खाली ठेवायला लावला, पिच गेज लावून दाखवला. “जबरदस्ती क्येली तर आटं बी जात्यात आन् दाबाला सुटतंय बी.” अशा जोडाचा एक तुकडा उडाला तर कुठं जाईल ते सांगता येत नाही. मधला कन्व्हर्टर हायड्रोलिक होजच्या दुकानात मिळाला. ऊसतोडणी यंत्रं आणि जेसीबींमुळं आपल्याकडं ही दुकानं भरपूर आहेत. जोडांना टेफ्लॉन टेप लावू नका. तिचे तुकडे सुटून व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात. तिथं रबर बसवलेला डाउटी वॉशर लागतो. ओरिंगला (जोडातल्या रबरी कडीला) साधं ग्रीस लावू द्यायचं नाही, फक्त सिलिकॉनचं. तापलेल्या, दाबलेल्या हवेत खनिज तेल पेट घेऊ शकतं.

सगळं जोडल्यावर आधी पुढं आडवा प्लायवूड ठेवून पन्नास बार, साबणाचं पाणी, मग शंभर, पुन्हा साबणाचं पाणी. दाब असताना पाना लावायचा नाही. एका जोडाला बारीक बुडबुडे येत होते, तेव्हा पूर्ण हवा सोडूनच तो आवळला.

आता पद्धत बसलीय. सिलिंडर रायफलवरून काढून होजच्या टोकाच्या ॲडॉप्टरवर लावायचा, ऑटो-स्टॉप १९५ ला, दर दोन मिनिटांनी सेपरेटरचा ड्रेन किंचित उघडायचा. पावसाळ्यात तिथून दुधट फवारा येतो. मार्चमध्ये जवळजवळ काहीच नाही. भरून झाल्यावर आकडा खाली येतो, त्याला लीक समजू नका : पन्नास अंशांवर २०० दाखवणारा सिलिंडर तीस अंशांना १८८ च्या आसपास उतरतो. मुलगी म्हणते, “पप्पा, एकशे ऐंशी बास झाले, मला एवढे शॉट मारायचेच नाहीत.” तिचं बरोबर आहे. १८० ला थांबलं तर डबाही कमी तापतो.

केशरी सिलिका जेल हवा आत शिरणाऱ्या बाजूनं हिरवट होत जाते. निम्मी नळी हिरवी झाली की ती जुन्या ओटीजीमध्ये (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) १२० अंशांवर वाळवतो. तो ओटीजी आता स्वयंपाकघरात परत येणार नाही, असं बायकोनं जाहीर केलंय. चालवलेल्या मिनिटांची नोंद डब्याच्या झाकणावरच ठेवतो, पिस्टनच्या सीलचा जादा संच ड्रॉवरमध्ये पडून आहे.

रायफलच्या सिलिंडरवरची तारीख मात्र मला हलवता येत नाही. बनवल्यापासून दहा वर्षं झाली की स्पर्धेत तो चालत नाही, मग आतून कितीही कोरडा असो. आमच्या सिलिंडरवर २०१७ छापलंय, तेव्हा नव्याच्या पैशांची जुळवाजुळव आत्तापासूनच चालू केलीय.